किडनीतली दुर्मीळ गाठ : पैसा आधी कुठे लावायचा?

परळीत कुशीत कळ आली की पहिला संशय मुतखड्यावर जातो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. खडा बघायला म्हणून सोनोग्राफी होते. कधीतरी मात्र रिपोर्टवर खड्याऐवजी ‘किडनीत मास’ असं लिहून येतं. मग घरातलं कुणी लातूरला फोन लावतं, कुणी सोनं मोडायची भाषा करतं, कुणी मुंबईची गाडी किती वाजता आहे ते विचारतं. हे मार्गदर्शन त्या दिवसासाठी आहे. खाली जे खासगी दर दिले आहेत ते ढोबळ आहेत. शहर, रुग्णालय आणि खोलीच्या वर्गाप्रमाणे ते खालीवर होतात. रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घेतल्याशिवाय कुठल्याच आकड्यावर विसंबू नका.

प्रौढ माणसाच्या किडनीतली घन गाठ बहुतांशी ‘रीनल सेल कार्सिनोमा’ या नेहमीच्या कर्करोगाची असते. काही गाठी अगदी साध्याही निघतात. फारच थोड्या गाठी न्यूरोएंडोक्राइन जातीच्या असतात. हार्मोन आणि तशीच इतर द्रव्यं तयार करणाऱ्या पेशींपासून त्या वाढतात. अशा पेशी आतडी, स्वादुपिंड, फुप्फुस या ठिकाणी असतात. निरोगी किडनीत त्या सापडत नाहीत, म्हणून किडनीत ही गाठ उगवते कशी, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. दुर्मीळ किती? किडनीतल्या कार्सिनॉइड गाठींच्या जगभरच्या नोंदी एकत्र करणारा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात अवघे ५६ रुग्ण होते. आणखी एक गोष्ट अभ्यासांत वारंवार दिसली आहे. जन्मतः दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्या असतात अशी ‘हॉर्सशू किडनी’ चार-सहाशे माणसांत एखाद्याची असते, पण या गाठीच्या रुग्णांत तिचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळतं. तुमच्या सोनोग्राफीवर हॉर्सशू किडनी आणि गाठ अशा दोन्ही नोंदी असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

‘न्यूरो’ ऐकून अनेकांना मेंदूचा आजार वाटतो. अभिनेता इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा न्यूरो म्हणजे दरवेळी मेंदू नव्हे, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यामुळे हे नाव कानावर पडलं की आता सगळं संपलं, असं घरच्यांना वाटतं. या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वाटेने जाणारे आजार आहेत. एकात माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करत जगू शकतो. दुसऱ्यात हातात वेळ थोडा असतो. तुमच्या घरी यातला कोणता आहे, हे कळेपर्यंत गाठ काढण्याचं ऑपरेशन सोडून दुसऱ्या एकाही मोठ्या खर्चाला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. या आजारात सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो चुकीच्या नावावर उपचार सुरू झाल्यामुळे.

परळीत आणखी एक प्रश्न हमखास निघतो : थर्मल वीज केंद्राच्या राखेने हे झालं का? राखेचा त्रास खरा आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण या विशिष्ट गाठीचं राखेशी किंवा खाण्यापिण्याशी नातं सिद्ध झालेलं नाही. घरच्यांनी एकमेकांना बोल लावू नये.

तपासण्या कुठे, आणि कोणत्या क्रमाने

पहिली पायरी परळीतच. आरोग्य विभागाच्या उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपर, रक्त, लघवी, क्रिएटिनिन यांवर एक रुपयाही खर्च करण्याचं कारण नाही. पुढची पायरी पंचवीसेक किलोमीटरवरच्या अंबाजोगाईची. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, म्हणून वरचा मोफत नियम तिथे सरसकट लागू नाही. तिथे सरकारी दर लागतात आणि ते खासगी दरांपेक्षा पुष्कळ कमी असतात. खासगीत सोनोग्राफी साधारण ८०० ते १,५०० रुपयांत होते. शिरेतून औषध देऊन काढलेल्या पोटाच्या सीटी स्कॅनला ५,००० ते ९,००० रुपये पडतात. सीटीआधी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट हवाच, कारण शिरेतलं ते औषध आधीच थकलेल्या किडनीला सोसत नाही.

सीटी बघून ही गाठ नेहमीची की न्यूरोएंडोक्राइन, हे ठरवता येत नाही. दोन्ही सारख्याच दिसू शकतात. म्हणून या टप्प्यावर कुणी थेट पेट स्कॅन सुचवला, तर ‘कशासाठी आणि कोणता?’ असं विचारा. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं द्रव्य वापरतात. त्याला खासगीत दहा ते वीस हजार लागतात. सावकाश वाढणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ त्यात नीट उमटत नाही. तिच्यासाठी ‘गॅलियम डोटाटेट’ नावाचा वेगळा पेट स्कॅन असतो, त्याचा खासगी खर्च साधारण अठरा ते तीस हजार. गॅलियम-६८ चं अर्धआयुष्य जेमतेम ६८ मिनिटांचं. ते केंद्रातच तयार करून लगेच वापरावं लागतं. म्हणून ही सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच असते आणि तीही ठरावीक दिवशी. गाठीची जात ठरण्याआधी घाईने नेहमीचा पेट करून बसलात, तर पुढे दुसऱ्याचे पैसेही मोजावेच लागतात.

‘क्रोमोग्रॅनिन ए’ या रक्ततपासणीबद्दलही सावध राहा. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असताना तिचा आकडा वाढलेला येतो. किडनीचं काम मंदावलेलं असेल तरीही वाढतो. आपल्याकडे या गोळ्या मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय सर्रास घेतल्या जातात आणि डॉक्टरांना सांगायच्या राहून जातात. मग खोटा वाढलेला आकडा हातात पडतो आणि घरभर धास्ती पसरते. तपासणीआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा.

ऑपरेशन

गाठ किडनीपुरती असेल तर उपचार एकच, ऑपरेशन. गाठीसह अख्खी किडनी काढतात, किंवा गाठ लहान आणि सोयीच्या जागी असेल तर तेवढाच भाग काढून बाकीची किडनी वाचवतात. बहुतेक रुग्णांना आजाराचं खरं नाव ऑपरेशननंतर, लॅबचा रिपोर्ट आल्यावरच कळतं. त्यामुळे ऑपरेशन हाच उपचार आणि हीच तपासणी ठरते.

खासगी रुग्णालयात रोख पैसे भरून किडनी काढायला दीड ते तीन लाखांच्या आसपास लागतात. रोबोटिक शस्त्रक्रियेला त्यावर आणखी लाख-दोन लाख. रोबोटसाठी कर्ज काढू नका, असं मी स्पष्टच सांगेन. शेवटी महत्त्वाचं असतं ते गाठ पूर्ण निघाली का आणि आजूबाजूच्या लिम्फ नोडची दखल घेतली गेली का, एवढंच. अनुभवी युरोलॉजिस्ट हे उघड्या किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनेही नीट करतो. ही गाठ ऑपरेशनच्या वेळेपर्यंत नोडमध्ये पोचलेली असण्याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून नोडचा प्रश्न सर्जनला आधीच विचारून ठेवा. दुसरी किडनी किती काम करते आहे आणि अर्धी किडनी वाचवता येईल का, हेही विचारा.

विचारायला संकोच नको. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्या गेल्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायांना विचारायची संधीच कुणी दिली नव्हती. खासगी रुग्णालयाने दर आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावली पाहिजे, अशी तरतूद महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने आलेली आहे. तो फलक शोधा, दिसला नाही तर मागा.

ब्लॉक मागायला विसरू नका

काढलेली गाठ लॅबमध्ये जाते. तिथे तिचे तुकडे मेणात बसवतात, त्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉकच्या पातळ चकत्या काचेवर घेतल्या की त्या झाल्या ‘स्लाइड’. साध्या रंगाने स्लाइड बघून पॅथॉलॉजिस्टला शंका येते, खात्री होते ती ‘इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री’ने. लॅबमध्ये तिला थोडक्यात आयएचसी म्हणतात. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम-वन अशा खुणा पेशींवर आहेत का, हे त्यात पाहतात. शिवाय ‘केआय-६७’ ही टक्केवारी काढतात, तिच्यावरून गाठ किती वेगाने वाढते आहे ते कळतं. खासगी लॅबमध्ये एका खुणेला साधारण हजार-बाराशे आणि पूर्ण संचाला चार ते दहा हजार रुपये लागतात.

लाखांच्या ऑपरेशननंतर ही दहा हजारांची तपासणी ‘बघू नंतर’ म्हणून राहून जाते. घरात पैसा संपलेला असतो, रुग्ण चालायला-फिरायला लागलेला असतो, दिवाळी तोंडावर आलेली असते. हे करू नका. या आजारातल्या सगळ्या खर्चांत सर्वांत जास्त मोल देणारा खर्च हाच आहे. पुढचा प्रत्येक निर्णय, म्हणजे केमो की इंजेक्शन की नुसती देखरेख, या एका कागदावर ठरतो.

आणि हा कागद एकाच लॅबचा असून चालत नाही. आयुष्यभरात अशी गाठ एकदाही न पाहिलेले पॅथॉलॉजिस्ट असतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. ब्लॉक आणि स्लाइड घेऊन टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्या. त्यासाठी रुग्णाला दरवेळी सोबत न्यावंच लागतं असं नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतूनही घेता येतं. रिपोर्ट अपलोड करायला एखादा कॉलेजात शिकणारा पोरगा किंवा पोरगी मदतीला घ्या. रुग्णालय कागद द्यायला टाळाटाळ करत असेल, तर लेखी अर्ज द्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

रिपोर्टमध्ये ‘न्यूरोएंडोक्राइन’ आलं की एक प्रश्न उरतो : ही गाठ किडनीतच उगवली, की आतड्यातून किंवा फुप्फुसातून तिथे आली? किडनीत मुळातच उगवलेली गाठ इतकी क्वचित असते की आधी दुसरीकडे शोध घ्यावाच लागतो. डोटाटेट पेटवर खर्च करण्याची खरी वेळ ही.

पुढे काय होतं, आणि त्याला किती लागतं

रिपोर्टवर ‘वेल डिफरन्शिएटेड’ असेल आणि केआय-६७ कमी असेल, तर ही सावकाश चालणारी जात. जुन्या पुस्तकांत तिला कार्सिनॉइड म्हणत. गाठ किडनीपुरती असून पूर्ण निघाली असेल, तर बहुतेकांना पुढे कुठलंही औषध लागत नाही. देखरेख मात्र लागते, कारण ती पाच-दहा वर्षांनीही यकृतात किंवा नोडमध्ये डोकं वर काढू शकते. ती पसरलेली असली तरीही अनेक रुग्ण बरीच वर्षं जगल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ‘पसरलंय’ हा शब्द ऐकून हात टेकू नका.

पसरलेल्या गाठीला आवर घालायला ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं इंजेक्शन साधारण महिन्यातून एकदा देतात. बाहेर घेतलं तर भारतीय कंपनीचं पंधरा ते चाळीस हजारांपर्यंत पडतं, मूळ कंपनीचं त्याहून वर. वर्षाचा हिशोब मांडला तर छातीत धस्स होतं. याच ठिकाणी सरकारी कर्करोग रुग्णालयाच्या औषध दुकानाचा दर आणि बाहेरचा दर यांतला फरक घर वाचवू शकतो. छापील किमतीवर कधीच जाऊ नका. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरच्या ४२ औषधांच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा छापील किमतीत किती हवा भरलेली होती ते सगळ्यांना दिसलं. अमृत औषध दुकान, रुग्णालयाचं स्वतःचं दुकान आणि बाहेरचं दुकान अशा तिन्ही ठिकाणी विचारून मगच घ्या.

इंजेक्शनने भागलं नाही तर ‘ल्युटेशियम-१७७ डोटाटेट’ हा उपचार आहे. किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात आणि ते गाठीच्या पेशींना जाऊन चिकटतं. साधारण दोन-तीन महिन्यांच्या अंतराने चार वेळा द्यावं लागतं. खासगीत एका वेळेला दीड ते तीन लाख, म्हणजे चार वेळांचे सहा ते बारा लाख. इतका पैसा परळीतल्या किती घरांत असेल? पण हे औषध महाराष्ट्रातच तयार होतं. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ल्युटेशियम बनतं, आणि याच केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला टाटा मेमोरियलच्या परिसरात १९६३ पासून चालतं. तिथे हा उपचार खासगीच्या मानाने फार कमी खर्चात होतो. नंबर यायला थांबावं लागतं. सावकाश वाढणाऱ्या गाठीला ते थांबणं बहुतेक वेळा परवडतं, पण आपल्या रुग्णाला परवडेल का, हे तिथल्या डॉक्टरांनाच विचारा.

किडनी काढलेल्या रुग्णाने इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं आणि जाता जाता किडनीला इजा करू शकतं. ती टाळायला सोबत अमिनो आम्लांचं सलाइन देतात. एकच किडनी उरलेली असेल तर क्रिएटिनिनवर बारीक नजर ठेवूनच हा उपचार होतो. तुमची एक किडनी काढलेली आहे, हे नोंदणीच्या खिडकीवर सांगून थांबू नका. वॉर्डात, सलाइन लावायच्या आधी पुन्हा सांगा. घरी परतल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून अंतर ठेवावं लागतं. घर दोन खोल्यांचं असेल तर पोरांची सोय आजोळी आधीच लावून ठेवा.

आता दुसरी जात. रिपोर्टवर ‘स्मॉल सेल’ किंवा ‘लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा’ असेल, तर हा आजार वेगाने पसरतो. उपचार केमोथेरपीचा असतो, एटोपोसाइड आणि सोबत सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन. ही औषधं जुनी आहेत, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत आणि त्या मानाने स्वस्त आहेत. खासगी डे-केअरमध्ये एका वेळेला सगळं धरून पंधरा ते चाळीस हजार लागतात आणि चार ते सहा वेळा द्यावी लागते. सरकारी ठिकाणी योजनेत ती मोफत मिळते. गाठी आक्रसतात, त्रास कमी होतो, पण बहुतेकांत आजार परत येतो. या जातीत बहुतेक रुग्णांचं आयुष्य महिन्यांत मोजावं लागतं, हे घरातल्या कर्त्या माणसाला ठाऊक असलं पाहिजे. अशा वेळी कुणी लाखो रुपयांचं नवं औषध सुचवलं, तर ‘याने किती दिवस वाढतात आणि ते दिवस कसे जातात?’ हे डॉक्टरांच्या समोर बसून विचारा. वेदना थांबवणारी मॉर्फिनची गोळी महाग नाही. ती लिहून देणारा पॅलिएटिव्ह विभाग गाठणं हासुद्धा उपचारच आहे, आणि त्यासाठी रान विकावं लागत नाही.

योजना : पैसे खर्च करण्याआधी

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आधी ठरावीक शिधापत्रिकांपुरती होती. त्या काळातही बीडसह १४ अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तीत जागा होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण ठरलं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला आयुष्मान वयवंदना कार्डावर उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड नसेल तर आधी ते काढा.

या योजनेत लोक फसतात ते एकाच ठिकाणी. आधी खासगीत सगळं करून बिलं गोळा करायची आणि मग योजनेकडे जायचं, असं चालत नाही. खर्च झालेले पैसे योजना परत देत नाही. योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात जायचं, तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं, ऑनलाइन मंजुरी घ्यायची आणि मग दाखल व्हायचं. मंजूर पॅकेजमध्ये खाट, सर्जन, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं एसटी किंवा रेल्वेचं भाडंही येतं. मंजुरीनंतर कुणी वरून पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर तिथूनच फोन करा. आयएचसी, डोटाटेट पेट आणि महिन्याचं इंजेक्शन पॅकेजमध्ये धरलं आहे की वेगळं, हे आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. घराचं गणित बिघडतं ते याच तीन गोष्टींत.

योजनेतून जे सुटेल त्याला मुख्यमंत्री सहायता निधीचा आधार आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णाचं आधार, शिधापत्रिका, आजाराचे रिपोर्ट आणि रुग्णालयाचं अंदाजपत्रक लागतं. मदत रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. उत्पन्नाचा दाखला निघायला दिवस लागतात, म्हणून सोनोग्राफीवर गाठ दिसली त्याच आठवड्यात त्याचा अर्ज टाका. पुण्या-मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथेही हाच दाखला चालतो. नोकरदारांना जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीबीखाली कर्करोगाच्या खर्चावर ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकासाठी एक लाखापर्यंत वजावट आहे. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना एक विनंती. दवाखान्यासाठी मुकादमाकडून जास्तीची उचल घेऊ नका. ती फेडायला पुढचा अख्खा हंगाम जातो. एक किडनी काढलेला माणूस कोयता धरून फडात उभा राहिला की उन्हात पाण्याविना त्याची उरलेली किडनीही धोक्यात येते. आधी आरोग्यमित्र, मग तहसील, मग निधी. उचल शेवटी, आणि जमलं तर नाहीच.

जायचं कुठे, राहायचं कुठे

ऑपरेशनसाठी लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर पुरेसं ठरू शकतं. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय मराठवाड्यासाठीच उभं आहे. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलही जुनं आणि नावाजलेलं. केमो जवळ घ्यावी. ती दर तीन आठवड्यांनी असते आणि प्रवासाचा शीण रुग्णाला मोडतो. मुंबई गाठायची ती दुसऱ्या मतासाठी, डोटाटेट पेटसाठी आणि ल्युटेशियमसाठी.

नांदेड–पनवेल एक्स्प्रेस परळीवरून लातूर, बार्शी, पुणे करत पनवेलला जाते. टाटाचं खारघरचं केंद्र पनवेलपासून जवळ आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री-टियर एसीत भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला लागतो. पहिल्याच भेटीत तो मागून घ्या. एसटीत सगळ्या महिलांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे.

टाटात नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट हे विचारतात. डॉक्टर तेच असतात, फरक दराचा आणि थांबण्याचा असतो. ओळखीचा कुणी ‘प्रायव्हेट करा, लवकर होईल’ म्हणेल. एकदा प्रायव्हेटमध्ये नोंद झाली की पुढचा सगळा खर्च त्या दराने चढत जातो. सावकाश जातीचा आजार वर्षांचा असतो, हे लक्षात ठेवून तो निर्णय घ्या. पैशाची अडचण असेल तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात मोकळेपणाने सांगा. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन ठिकाणं बाहेरगावच्या रुग्णांसाठीच आहेत. रुग्णालयाची चिठ्ठी आणि आधार लागतं, जागा मिळेलच असं नाही. पहिल्या रात्रीसाठी दोन-तीन हजार वेगळे बांधून ठेवा.

घरी परतल्यावर

सावकाश जातीच्या गाठीला पहिली दोन-तीन वर्षं साधारण सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा पोटाचा स्कॅन लागतो. निदान दहा वर्षं तरी. खासगीत धरलं तर सुरुवातीला वर्षाला पंधरा-वीस हजार, अंबाजोगाईला सरकारी दराने त्याच्या कितीतरी कमी. जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या, म्हणजे तुलना करता येते आणि तोच स्कॅन पुन्हा काढावा लागत नाही. क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाब दर काही महिन्यांनी परळीतच मोफत तपासून होतो.

आणि अंगदुखीसाठी मेडिकलवरून डायक्लोफेनॅकची गोळी किंवा पुड्या घेणं त्या घरात कायमचं बंद करा. पाच-दहा रुपयांच्या त्या गोळ्या रोज घेतल्या तर उरलेली एकटी किडनी निकामी होऊ शकते. मग डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा गाडीत बसावं लागतं. ताप असो की कंबरदुखी, दुकानदाराला आधी सांगायचं, “किडनी एकच आहे,” आणि कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्यायचं.